काम शोधणाऱ्या बाईची फाइल

सल्ला केंद्रात नव्याने आलेल्या बाईला बहुतेक ठिकाणी काय विचारलं जातं? लग्न कधी झालं, मुलं किती, मारहाण कधीपासून, दागिने कुणाकडे, माहेरचे पाठीशी आहेत का. मग अर्ज, नोटीस, बैठक, पोलीस ठाणं, कोर्ट. शिक्षण विचारतात, पण फॉर्मवर तसा रकाना असतो म्हणून. 'तुला काय काम येतं, रोज किती लांब जाऊ शकशील, कागद कुठे आहेत' हे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघाले तर निघतात. ती बाई मात्र पहिल्या दिवसापासून दुसरं काही बोलत नसते. "ताई, कुठे काम लागेल का?" हे ती दाराशी चप्पल घालता घालता विचारते, कारण केंद्रात विचारायचा हा प्रश्न नव्हे असं तिलाही वाटत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बाईला काम शोधायला मदत करणं हे समाजकल्याणाचं किंवा बचतगटाचं वेगळं खातं नाही. पोटगीच्या दाव्याइतकंच ते संघटनेचं काम आहे. ते दुय्यम मानल्यामुळे आपण हातातल्या केसेसही हरतो. खायला नाही म्हणून बाई परत जाते, आणि आपण रजिस्टरमध्ये 'समेट' लिहितो.

धुळे जिल्ह्यात तर हे सांगायला लागू नये. शहादा-तळोदा १९९८ पर्यंत याच जिल्ह्यात होतं. तिथे १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या आदिवासी बाया मजुरीसाठी, जमिनीसाठी आणि दारूविरुद्ध लढल्या. दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली तेव्हा बाया एकेकट्या कामाच्या शोधात फिरल्या नाहीत. घोळक्याने तहसीलवर गेल्या, नमुना ४ भरला आणि काम मागितलं. पुढे त्या योजनेचा कायदा झाला, तो १९७९ पासून अमलात आला. पुरुषाइतकी मजुरी आणि कामावर पाळणाघर या गोष्टी कागदावर तरी आल्या. 'काम मागणे' हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. शहरातल्या शिकलेल्या किंवा अर्धवट शिकलेल्या मुलीसाठी मात्र आपण तो शब्द टाकून दिला. ती 'नोकरी शोधते', एकटीने, आणि नाही मिळाली तर दोष तिचाच.

आता कोर्टातल्या त्या सल्ल्याविषयी. पोटगीचा दावा टाकलेल्या बाईला कुणीतरी हमखास सांगतं, "निकाल लागेपर्यंत नोकरी धरू नको, कमावती दिसलीस तर पोटगी मिळणार नाही." कधी वकील सांगतात, कधी शेजारच्या बाकावरची बाई. पूर्वीचं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यात अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात हे मी तुम्हाला सांगायला नको. तोवर त्या बाईने काय खायचं? आणि तीन वर्षं भावाच्या घरी भांडी घासून बसल्यावर तिला कामावर घेणार कोण? रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, की बायको कमावते एवढ्यावरून तिचा पोटगीचा हक्क जात नाही. ती कमाई तिला सासरच्या राहणीमानाप्रमाणे जगायला पुरते का, हे बघायचं असतं. त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. त्यामुळे नोकरी लागली तर लपवू नये, पगाराचा खरा आकडा लिहावा. चार हजारांची कमाई लपवून पकडली गेलेली बाई उलटतपासणीत सगळं गमावून बसते. चार हजार उघड सांगणारी बाई 'एवढ्यात दोन मुलं कशी जगवू' असं ताठ मानेने विचारू शकते.

म्हणून आधी केस मग काम, असा क्रम लावू नका. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा. 'लाडकी बहीण'चे महिन्याला दीड हजार २०२४ पासून येऊ लागले. त्यानंतर घरच्यांच्या तोंडी एक नवं वाक्य आलं आहे, 'मिळतात ना पंधराशे, मग कशाला जाते कामाला?' पंधराशेची मदत जरूर घ्यावी. पण महिनाभराची घरखोली तरी त्यात मिळते का, हे तिच्या भावाला हिशेब करून दाखवावं.

काम शोधण्याची सुरुवात जाहिरातीपासून होत नाही, नावापासून होते. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंसुद्धा बदलून तांदळात नवं लिहितात. दहावीच्या सनदेवर एक बाई, आधार कार्डावर दुसरी, रेशनकार्डावर तिसरीच. नांदत्या बाईचं यात फारसं अडत नाही. टाकलेल्या बाईचं मात्र सगळं इथेच अडतं, कारण या दोन बाया एकच आहेत हे सांगणारा विवाह नोंदणीचा दाखला तिच्याकडे नसतो. तो काढायला १९९८ च्या कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांनी सही करावी लागते, आणि तो काही सही करायला येत नाही. अशा वेळी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणं हा सरळ मार्ग आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो. थोडा खर्च येतो, पण एकदा छापून आलं की तो कागद जन्मभर पुरतो. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी जे प्रतिज्ञापत्र करावं लागतं त्याला मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी पाचशेचा स्टॅम्प आणा म्हणालं तर कोणत्या नियमाने, ते विचारा.

अजून लग्न न झालेल्या मुलींना मी दुसरंच सांगते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. सनदेवरचं नाव तेच आधारवर, तेच बँकेत ठेवा. आणि आई-बापांना सांगा, रुखवतात एक फाइल मांडा. त्यात शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, जातीचा दाखला आणि बापाच्या जातीचे पुरावे ठेवा. बाईची जात कायद्याने बापाकडून येते. मागासवर्गीय मुलीला पस्तिसाव्या वर्षी दाखला काढायचा झाला तर माहेरचेच कागद लागतात. तोपर्यंत बाप गेलेला असतो, आणि भाऊ वाटणीच्या भीतीने कपाट उघडत नाही. इतर मागासवर्गाचं नॉन-क्रीमीलेयर ठरवताना आई-वडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. हेही खिडकीवर ठामपणे सांगावं लागतं. खुल्या गटातल्या बायांना सरकारी नोकरीतल्या तीस टक्के महिला आरक्षणासाठी पूर्वी नॉन-क्रीमीलेयर दाखला लागायचा. ती अट २०२३ मध्ये शासनाने काढून टाकली. त्या दाखल्यावाचून अजून कितीजणी अर्जच भरत नाहीत.

पत्त्याचंही असंच. गावातल्या बाईला सगळ्यात जवळची आणि मानाची वाटणारी नोकरी म्हणजे अंगणवाडी. सेविका आणि मदतनीस दोन्हींसाठी आता बारावी पास लागते. वय १८ ते ३५, विधवेला ४० पर्यंत सवलत, आणि त्याच गावची रहिवासी असणं आवश्यक. ही शेवटची अट परतून आलेल्या लेकीला कापते. ती राहते माहेरी कापडण्यात, आणि तिचं आधार, रेशन, मतदार यादी सगळं सासरच्या गावी. जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत हे बदलून होत नाही. म्हणून माहेरी आल्याच्या पहिल्या महिन्यातच पत्ता बदलायला लावा. पुष्कळ बाया बदलत नाहीत. पत्ता बदलला की 'कायमची आली' असं ठरतं, आणि आशा सुटलेली नसते. ते दुःख समजून घ्यावं, पण 'पत्ता बदलला म्हणजे नांदायचा हक्क सोडला असं होत नाही' हेही तिला नीट समजावून द्यावं.

जाता जाता, अंगणवाडीच्या कामाला सरकार 'मानधन' म्हणतं, पगार म्हणत नाही. तरी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बायांना ग्रॅच्युइटी लागू आहे असा निकाल दिला. म्हणजे लागल्यानंतरही युनियनची पावती फाडायचीच आहे.

नववीत शाळा सुटलेली बत्तीस वर्षांची बाई 'माझं आता काय' म्हणते. तिच्यासाठी फॉर्म नंबर १७ आहे. खाजगी विद्यार्थिनी म्हणून दहावीला बसता येतं, नंतर बारावीलाही. मूळ शाळा सोडल्याचा दाखला हातात हवा. आपला जिल्हा नाशिक विभागीय मंडळात येतो, अर्ज जवळच्या संपर्क शाळेमार्फत जातो. अर्ज साधारण पावसाळ्याच्या दिवसांत निघतात आणि मुदत चुकली की वर्ष गेलं. ही तारीख आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेली असली पाहिजे. दहावी-बारावी झालेल्यांनी एमएस-सीआयटी करून ठेवावं. कारकुनी जागांसाठी मराठी-इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा आता संगणकावर असते, तीही द्यावी. पूर्वीचं रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड गेलं, आता 'महास्वयं' या सरकारी पोर्टलवर नोंदणी होते. तिथे नोंदणी जरूर करा, पण नोंदवलं म्हणजे घरी बोलावणं येईल असं समजू नका.

बायोडाटा म्हटलं की धुळ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात लग्नाचा बायोडाटा छापून मिळतो. वर गणपती, मग जन्मवेळ, उंची, वर्ण, मामाचं कुळ. हसू नका. नोकरीसाठी तोच घेऊन गेलेल्या मुली आहेत, कारण त्यांनी आयुष्यात दुसरा बायोडाटा पाहिलेलाच नाही. कामाचा बायोडाटा एका पानाचा असावा. नाव, पत्ता, स्वतःचा फोन, शिक्षण, येणारी कामं, केलेली कामं. विवाहित, घटस्फोटित, परित्यक्ता यातलं काहीही लिहायची गरज नाही. नवऱ्याचं नाव नको, जात नको. 'केलेली कामं' या ओळीशी बाई थबकते आणि 'काहीच नाही' म्हणते. तिथे कार्यकर्तीने शेजारी बसावं. दहा वर्षं सासऱ्याच्या किराणा दुकानाची उधारीची वही कुणी लिहिली? सासूला अर्धांग झाल्यावर अंथरुणावर तिचं सगळं कुणी केलं? बचतगटाचं इतिवृत्त कुणाच्या अक्षरात आहे? साक्री रोडवरच्या दवाखान्यांना रुग्णाजवळ बसणारी माणसं लागतात, आग्रा रोडवरच्या दुकानांना हिशेबाची बाई लागते. पगार न मिळालेलं काम हेही कामच, असं आपण पंचवीस-तीस वर्षं भाषणात म्हणत आलो. ते बायोडाटात लिहून दाखवायची जागा ही आहे.

जाहिरात वाचायच्या आधी एसटीचं वेळापत्रक वाचा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि नकाशाच बदलला. सोनगीरच्या बाईला धुळ्यातली आणि धुळ्याच्या बाईला नरडाण्याची किंवा शिरपूरची नोकरी परवडू लागली. पण तिकीट अर्धं झालं म्हणून बस दुप्पट झाल्या नाहीत. अवधानच्या औद्योगिक वसाहतीत सुटी सहाला आणि तिच्या गावची शेवटची गाडी पावणेसहाला, असं असेल तर ती नोकरी तिची नाहीच, किंवा मग वेळ बदलून मागायला हवी. एकटीने मागितली तर 'जमत नसेल तर येऊ नका'. पाचजणींनी मागितली तर मुकादम विचार करतो. एकाच मार्गावरच्या बायांनी एकाच कारखान्यात अर्ज करावा तो यासाठी. संध्याकाळच्या वाटेवर सोबत होते आणि घरचा विरोधही निम्म्याने गळतो.

काम कुठे आहे याची यादीही आपणच करायला हवी. या जिल्ह्यातलं बायांचं पुष्कळसं काम वर्तमानपत्रात छापून येतच नाही. दोंडाईच्याला मिरचीचा हंगाम, जिनिंगमध्ये कापूस, गिरण्यांत डाळ निवडणं, सगळं तोंडी ठरतं आणि मुकादमामार्फत मिळतं. हंगामी कामाला नाक मुरडू नये. पण त्या जोरावर दावा लढता येत नाही, कारण पगाराचा कागद नसतो. आजची बाई हंगामावर आहे हे मान्य करून, तिचं पुढचं काम कागदावरचं व्हावं एवढं धोरण आपण ठेवू या. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनिंगच्या कामाच्या तासांचा विषय निघाला होता. हंगामाच्या नावाखाली तास वाढवण्याची ही सवय किती जुनी आहे ते त्यावरून कळतं.

फसवणुकीचं एकदाच पण स्पष्ट सांगून ठेवते. नोकरी देणारा माणूस पैसे देतो, घेत नाही. मोबाइलवर 'घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार' असं येतं आणि पाठोपाठ नोंदणी फी, ओळखपत्र फी, माल पाठवण्याची फी. ती फी म्हणजेच त्यांचा धंदा. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार करा, लाजून बसू नका. याचाच प्रतिष्ठित भाऊबंद म्हणजे शाळेतली जागा. कुठल्याशा संस्थेत बापाने शेत विकून 'डोनेशन' भरायचं, मग मुलीने 'अनुदान येईल' या आशेवर आठ-दहा वर्षं जवळजवळ फुकट शिकवायचं. लग्नाच्या बाजारात 'शिक्षिका' हा शब्द चालतो म्हणून घरचेही खूश असतात. डी.एड., बी.एड. झालेल्या आपल्या कितीतरी हुशार मुली अशा खर्ची पडल्या आहेत. एवढ्या पैशांत मुलीचं स्वतःचं दुकान उभं राहिलं असतं, हे बापाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं.

मुलाखतीला बोलावणं आलं तर केंद्रातच दोनदा सराव करा. एकीने मालक व्हावं आणि तेच प्रश्न विचारावेत, 'मिस्टर काय करतात? मुलं लहान आहेत, मग कसं जमणार?' घरची कहाणी तिथे सांगू नये. रडू आलं तर काम मिळत नाही, दया मिळते, आणि दया दाखवणाऱ्याचा हात पुढे कुठवर येईल सांगता येत नाही. 'मुलांची सोय केलेली आहे, मी नऊ ते सहा येऊ शकते' एवढंच उत्तर. मग तिने स्वतः विचारावं, पगार किती, कुठल्या तारखेला, खात्यात की हातात, सुटी कुठली, नेमणूक पत्र कधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यात दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. या संहितांनी कामगारांचं बरंच काही काढून घेतलं, त्यावर आपल्या कामगार मैत्रिणी लिहीतच आहेत. पण जे दिलं आहे ते तरी मागून घ्या. ठेकेदाराकडे लागलात आणि पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल, तर यूएएन क्रमांक विचारून लिहून ठेवा. ठेकेदार बदलतो, क्रमांक बदलत नाही.

आणि जागा कशी आहे हे आधी तिथल्या जुन्या बाईला विचारावं. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मोठ्या ऑफिसांपुरता नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानातली आणि घरकाम करणारी बाईही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करू शकते. राजस्थानातल्या भंवरीदेवींवर सरकारी योजनेचं साथिनीचं काम करताना अत्याचार झाला, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आणि मग हा कायदा आला. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर सध्या कोण आहे, कार्यालय कुठे, फोन कुणाचा लागतो, हे प्रत्येक गटाने जाऊन विचारून यावं आणि ते सगळं नोकरी शोधणाऱ्या मुलींच्या हाती द्यावं.

काहीजणी म्हणतील, आपण काय नोकऱ्या लावून देणारी एजन्सी आहोत का? १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हाही, या बायांचं दुःख घरगुती आहे, त्यात संघटनेचं काय काम, असं म्हणणारे होते. रेशनकार्ड, घर, पोटगी या मागण्या तेव्हा सार्वजनिक झाल्या. काम हीसुद्धा त्याच यादीतली मागणी आहे. आठवड्यातला एक दिवस ठेवा, मंगळवार ठेवा, धुळ्याचा बाजार असतो म्हणून बाया येतातच. एक कार्यकर्ती, एक संगणक येणारी कॉलेजची मुलगी, एक पंचिंग मशीन आणि पंधरा रुपयांच्या फायली. प्रत्येकीच्या कागदांच्या तीन-तीन प्रती, मूळ कागद घरातल्या कपाटात न ठेवता विश्वासाच्या जागी. मारहाणीत पहिल्यांदा कागदच फाडले किंवा जाळले जातात. माणूस कधी कधी परत येतं, सनदेची दुसरी प्रत काढायला मात्र महिने जातात.

एक शेवटचं. नोकरी लागल्याची पेढ्यांची पुडी घेऊन बाई आली की तिला पगाराच्या खात्याबद्दल विचारा. खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे का, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? पुष्कळदा तो नवऱ्याचा, नाही तर दिराचा निघतो. एटीएम कार्ड आणि ओटीपी दोन्ही त्याच्याकडे. पहिला पगार जमा व्हायच्या आत तिला घेऊन बँकेत जा आणि नंबर बदलून आणा.